हिरा, पेन्सिल आणि मधली चाळीस वर्षं

मागच्या शनिवारी एका जुन्या मित्राकडे जेवायला गेलो होतो. तो बॅटरीत वापरायच्या कार्बनवर काम करतो, आणि मी आपला सॉफ्टवेअरवाला. जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडून एक आलेख दाखवला. उंटाच्या पाठीसारखे शेजारी शेजारी दोन उंचवटे, बाकी काही नाही.

"हा डावा उंचवटा दिसतोय ना, तो पसाऱ्याचा. उजवा ग्रॅफाइटचा."

मी सवयीप्रमाणे विचारलं, "मग सोपं आहे की! डावा भागिले उजवा. एक नंबर आला, डॅशबोर्डवर टाकला, विषय संपला."

तो हसला. "तिथेच तर भलेभले फसलेत."

झालं! अख्खा रविवार त्या दोन उंचवट्यांचा इतिहास वाचण्यात गेला. कपडे धुवायचे राहिले, पण लेख मिळाला :-)

सुरुवात आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ असलेल्या तारखेने करू. २८ फेब्रुवारी १९२८, कलकत्ता, बोबाजार स्ट्रीटवरची इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था. चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांना दिसलं की पदार्थावर एका रंगाचा प्रकाश टाकला, तर विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर येतो. अगदी थोडा म्हणजे किती? साधारण कोटीत एखादा फोटॉन. या फोटॉनने आपल्या ऊर्जेतला थोडा वाटा पदार्थातल्या अणूंना हलवण्यात खर्च केलेला असतो (किंवा उलट त्यांच्याकडून घेतलेला असतो). किती ऊर्जा कमी झाली ते मोजलं की अणू किती जलद थरथरतात ते कळतं. भांडं टिचकी मारून ओळखतो ना आपण, पितळेचं की स्टीलचं, तडा गेलाय की नाही, तसंच. फक्त इथे टिचकी प्रकाशाची.

ही टिचकी लगेच जगभर ज्याला त्याला मारून बघण्यात आली. १९३० मध्ये, म्हणजे ज्या वर्षी रामनना नोबेल मिळालं त्याच वर्षी, हिऱ्याची पाळी आली. सी. रामस्वामी आणि एस. भगवंतम यांनी हिऱ्याचा रामन वर्णपट घेतला, आणि त्यात एक ठसठशीत रेघ मिळाली. तिचा आकडा १३३२. (एकक 'प्रति सेंटीमीटर', म्हणजे तरंगसंख्येतला फरक. पुढे सोयीसाठी नुसतेच आकडे लिहितो.) हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांना घट्ट धरून असतो, सगळीकडे तीच मांडणी, त्यामुळे सूरही एकच. रामनना पुढे हिऱ्यांनी असं काही वेड लावलं की बंगलोरला त्यांनी हिऱ्यांचा संग्रह केला, आणि हिऱ्यातल्या कंपनांवरून मॅक्स बॉर्नशी त्यांचा वादही बरीच वर्षं चालला. पण तो वेगळा विषय आहे.

आता मला पडलेला पहिला प्रश्न. हिरा १९३० मध्ये मोजून झाला. मग त्याच कार्बनचं दुसरं रूप, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीतलं ग्रॅफाइट (शिसपेन्सिलीत शिसं नसतं हे एव्हाना सगळ्यांना माहीत असावं), त्याच्यावरचा महत्त्वाचा निबंध कधीचा? १९७० चा! मध्ये चक्क चाळीस वर्षं. हिरा दुर्मिळ, पेन्सिल चार आण्याची. उलटं नको होतं का?

उत्तर अगदी साधं आहे. हिरा पारदर्शक असतो, ग्रॅफाइट काळं. रामन आणि त्यांच्यानंतरचे सगळे पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश वापरायचे. तो हिऱ्यात आत शिरतो, पूर्ण स्फटिकभर विखुरतो आणि बाहेर येतो. ग्रॅफाइटमध्ये प्रकाश मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास खोल जातो आणि संपतो. आधीच कोटीत एक, त्यात मोजायला पदार्थच जवळजवळ नाही. काळ्या वस्तूची ही 'टिचकी' ऐकायला फार जोरदार आणि एकाच रंगाचा प्रकाश हवा होता, आणि लेसरचा जन्म १९६० चा.

अर्थात तोवर कार्बनवाले हातावर हात ठेवून बसले नव्हते. कारण प्रश्न फार व्यवहाराचा होता. चुलीतला कोळसा, कंदिलाच्या काचेवरची काजळी, टायरमधला कार्बन ब्लॅक, पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा, भट्टीतले इलेक्ट्रोड, ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी. सगळ्यांत मुख्यतः षटकोनी जाळीचे तुकडे असतात. फरक एवढाच की तुकडे किती मोठे, आणि एकावर एक किती नीट रचलेले. ग्रॅफाइटमध्ये जाळ्या लांबरुंद आणि नव्या वहीच्या पानांसारख्या शिस्तीत. कोळशात म्हणजे रद्दीचं पोतं. या शिस्तीला म्हणायचं संरचनेतली सुव्यवस्था, आणि वीज किती वाहील, उष्णता किती वाहील, तंतू किती ताठ होईल हे बरंचसं तिच्यावर ठरतं.

ही शिस्त मोजायचं तेव्हाचं साधन होतं क्ष-किरण. आणि त्यातलं फार मोठं काम एका बाईंचं आहे ज्यांना आपण फक्त डीएनएमुळे ओळखतो. रोझलिंड फ्रँकलिन. डीएनएच्या आधी, १९४७ पासून तीनेक वर्षं त्या पॅरिसमध्ये कार्बनचा अभ्यास करत होत्या. १९५१ च्या निबंधात त्यांनी दाखवलं की कार्बनच्या दोन जाती आहेत. काही कार्बन तापवत नेले की हळूहळू ग्रॅफाइट होतात. काही मात्र ३००० अंशांपर्यंत तापवले तरी हट्टाने होत नाहीत, कारण त्यांच्यातले तुकडे एकमेकांना आडवेतिडवे अडकून बसलेले असतात. (साखर जाळून केलेला कोळसा हा या हट्टी जातीतला.) माझ्या मित्राच्या सोडियम बॅटरीतला 'हार्ड कार्बन' म्हणजे हीच हट्टी जात. सत्तर वर्षांनी तिला नोकरी लागली म्हणायची.

पण क्ष-किरणांना बऱ्यापैकी नमुना लागायचा आणि उत्तर मिळायचं ते सगळ्या नमुन्याची सरासरी. एका बारीक तंतूच्या पृष्ठभागावर काय चाललंय, किंवा खडकातल्या केसाएवढ्या काळ्या रेघेत काय आहे, ते विचारायची सोय नव्हती.

आता चला अमेरिकेत, क्लीव्हलँडला. इथल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात एफ. टुइन्स्ट्रा आणि जॅक कोनिग या दोघांनी लेसर लावून ग्रॅफाइटचा रामन वर्णपट घेतला. त्या काळात कार्बन फायबरचा बोलबाला सुरू झाला होता आणि याच गावाशेजारी पार्मा इथल्या युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकनने १९५८ मध्ये कार्बनचे अतिशय बळकट तंतू बनवले होते. टुइन्स्ट्रा आणि कोनिग यांचा निबंध आला १९७० मध्ये. निष्कर्ष दोन ओळींत मावेल इतका सुटसुटीत. ग्रॅफाइटच्या सलग स्फटिकात एकच रेघ दिसते, १५७५ ला. बाकी कुठलाही कार्बन घ्या, बाजारातलं ग्रॅफाइट, काजळी, अॅक्टिव्हेटेड कोळसा, काचेसारखा कार्बन, त्यात आणखी एक रेघ उगवते, १३५५ ला. आणि ही दुसरी रेघ पहिलीच्या तुलनेत जितकी उंच, तितके स्फटिकाचे तुकडे लहान. हे त्यांनी क्ष-किरणांनी मोजलेल्या आकारांशी ताडून दाखवलं.

पुढे या रेघांना नावं पडली, 'जी' म्हणजे ग्रॅफाइट आणि 'डी' म्हणजे डिसऑर्डर. (डी म्हणजे डायमंड नव्हे! १३५५ आणि हिऱ्याची १३३२ शेजारी शेजारी असल्याने हा घोटाळा सहज होतो. पण हिऱ्याची रेघ सुईसारखी असते, डी चांगली ऐसपैस.)

आकार आणि उंची यांचं हे नातं का असावं? मला ते शेताच्या बांधावरून कळलं. जी ही रेघ पिकाखालच्या जमिनीसारखी. कार्बनची जोडी जिथे कुठे असेल तिथून ती येते. डी म्हणजे पूर्ण षटकोन एकदम फुलून आकसतो ते कंपन. सलग अखंड जाळीत हे कंपन प्रकाशाला दिसत नाही, नियमच तसा आहे. तो नियम मोडतो फक्त कडेला, म्हणजे बांधाजवळ. आता दहा एकरांचा एक तुकडा असेल तर बांध थोडा. भावाभावांत वाटण्या झाल्या, मग त्यांच्या मुलांत झाल्या, की जमीन तेवढीच पण बांधच बांध. तुकड्याची रुंदी निम्मी झाली की एकूण बांध दुप्पट. म्हणून डी भागिले जी हा आकडा तुकड्याच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात. पुढे १९८९ मध्ये नाइट आणि व्हाइट या दोघांनी हिरव्या लेसरसाठी (५१४.५ नॅनोमीटर) कोष्टकच देऊन टाकलं. ४.४ नॅनोमीटरला या गुणोत्तराने भागा, तुकड्याची रुंदी हजर.

आपल्यासारख्यांना आणखी काय पाहिजे? दोन उंच्या मोजा, भागाकार करा, निबंध छापा. आणि लोकांनी अक्षरशः तेच केलं. पण गंमत आता पुढे आहे.

पहिली अडचण १९८१ मध्ये समोर आली. विदानो आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या रंगांचे लेसर लावून बघितले, तर डी रेघ चक्क जागा बदलते! अणूंचं कंपन हे त्या पदार्थाचं स्वतःचं, त्याला तुमच्या दिव्याचा रंग काय करायचाय? हिऱ्याची १३३२ कुठल्याही रंगात १३३२ च राहते. डी मात्र लेसरची ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टने वाढवली की पन्नासेक आकडे पुढे सरकते. म्हणजे पेशंट तोच, पण थर्मामीटरचा ब्रँड बदलला की ताप बदलतो. याचा नीट उलगडा व्हायला २००० साल उजाडलं. थॉमसेन आणि राइश यांनी दाखवलं की डी रेघेत प्रकाश, इलेक्ट्रॉन, कंपन आणि दोष अशी चौघांची साखळी असते. लेसरचा रंग ठरवतो कुठला इलेक्ट्रॉन उचलला जाणार, आणि तो इलेक्ट्रॉन ठरवतो कुठलं कंपन दिसणार. तात्पर्य, कुठल्या लेसरने मोजलं ते सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. तीस वर्षं लोक हे माप वापरत होते आणि मापकाठी नेमकी कशी चालते ते कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. (ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडेही असा एखादा स्क्रिप्ट असतोच, लिहिणारा कधीच सोडून गेलेला.)

दुसरी अडचण जास्त खोल होती, आणि मित्र ज्याच्याबद्दल बोलत होता ती हीच. तिचा नीट हिशेब मांडला आंद्रेआ फेरारी आणि जॉन रॉबर्टसन यांनी, केंब्रिजमध्ये, तोही २००० मध्येच. त्यांचा प्रश्न असा, की वाटण्या होतच राहिल्या तर? तुकडे दोन नॅनोमीटरच्या खाली गेले की एकेका वाफ्यात मोजके षटकोन उरतात. त्याहून मोडतोड झाली की षटकोनच वाकतात, फुटतात, पंचकोन-सप्तकोन होतात. आणि डी तर षटकोनाचंच गाणं. गाणाराच गेला तर गाणं कुठून? म्हणजे पसारा वाढत वाढत एका हद्दीपर्यंत डी वाढते, आणि त्यानंतर पसारा वाढला की डी कमी होत जाते!

याचा अर्थ लक्षात घ्या. डी भागिले जी समजा अगदी लहान आला. तर तो नमुना उत्तम ग्रॅफाइट असू शकतो, किंवा पार विस्कटलेला कार्बन असू शकतो. आकडा तोच. आपल्या धंद्यात याचं जुळं भावंड आहे. एखाद्या मॉड्यूलवर एकही बग नोंदलेला नाही. एक तर कोड अप्रतिम आहे, नाहीतर कुणी टेस्टच केलेला नाही. नुसत्या शून्यावरून कसं सांगणार?

फेरारी-रॉबर्टसननी वाट दाखवली ती अशी, की आकड्याबरोबर जी रेघेची जागा आणि जाडीसुद्धा बघा. चांगल्या ग्रॅफाइटमध्ये ती १५८१ च्या आसपास, बारीक. तुकडे लहान होत गेले की १६०० कडे सरकते. षटकोन मोडायला लागले की उलटी फिरून १५१० पर्यंत खाली येते आणि पसरट होते. तीन खुणा एकत्र वाचल्या की आपण डोंगराच्या अलीकडे आहोत की पलीकडे ते कळतं.

इथवर प्रयोगशाळेतल्या गोष्टी झाल्या. पण या दोन उंचवट्यांवर किती मोठे डाव लागू शकतात त्याची दोन उदाहरणं भूगर्भातून.

पहिलं चांगलं. खडकात पुरलेल्या सेंद्रिय पदार्थाचा कार्बन होतो, आणि खडक जितका तापेल तितका तो ग्रॅफाइटच्या दिशेने जातो. हा रस्ता एकेरी आहे, खडक थंड झाला तरी कार्बन पुन्हा विस्कटत नाही. म्हणजे खडकाने आयुष्यात सोसलेल्या सर्वात जास्त तापमानाची नोंद त्यात कायमची राहते. ऑलिव्हिए बेसाक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यातून तापमापक बनवला, ३३० ते ६५० अंशांसाठी, पन्नास अंश इकडेतिकडे. २००४ मध्ये मध्य नेपाळात तो लावल्यावर दिसलं की खालच्या खडकांपेक्षा वर, मोठ्या प्रस्तरभंगाजवळ असलेले खडक जास्त तापलेले आहेत. हिमालय एकावर एक कसा चढत गेला त्याची ही नोंद, तीसुद्धा काळ्या कणांतून वाचलेली.

दुसरं उदाहरण त्याच वर्षातलं, पण भांडणाचं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात एपेक्स चर्ट नावाचा सुमारे ३४६ कोटी वर्षं जुना खडक आहे. त्यात विल्यम शॉफ यांनी १९९३ मध्ये सूक्ष्म धाग्यांसारखे आकार दाखवले आणि ते पृथ्वीवरच्या सर्वात जुन्या जीवांचे अवशेष असल्याचं मांडलं. पाठ्यपुस्तकात जाईल असा शोध. मार्च २००२ च्या 'नेचर'मध्ये शॉफ यांच्या गटाने रामन वापरून सांगितलं की हे धागे कार्बनचे आहेत आणि हा कार्बन जीवजन्य आहे. त्याच अंकात, पुढच्याच पानांवर, मार्टिन ब्रेझियर आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की हे जीवाश्म नाहीतच, गरम पाण्याच्या झऱ्यात तयार झालेल्या कार्बनचे दिसायला तसे आकार आहेत. आणि वर्ष संपायच्या आत जिल पास्टेरिस आणि ब्रिगिट व्होपेन्का यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. डी आणि जी हे दोन उंचवटे सांगतात ते एवढंच, की हा विस्कळीत कार्बन आहे आणि किती विस्कळीत आहे. तो जिवाणूपासून आला की नुसत्या रसायनांपासून, हे त्यात लिहिलेलंच नसतं. जीवाचा कार्बन आणि निर्जीव कार्बन सारखेच तापले, तर सारखेच दिसू शकतात. २०१८ मध्ये शॉफ यांच्या बाजूने कार्बनच्या समस्थानिकांचा पुरावा मांडला गेला, वाद त्यानेही पुरता मिटला नाही. पण पुरावा शोधायला दुसऱ्या मापाकडे जावं लागलं, हे लक्षात घेण्यासारखं.

शेवटी बाजारातली गोष्ट. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एकच पापुद्रा, ग्राफीन, वेगळा केला (नोबेल २०१०). एकच पदर आहे की दहा, हे ओळखायला पुन्हा रामनच धावून आला. डीच्या दुप्पट आकड्यावर, २७०० च्या आसपास, 'टू-डी' नावाची रेघ असते, आणि नावात डिसऑर्डर असला तरी तिला दोष लागत नाही, निर्दोष ग्रॅफाइटमध्येही ती दिसते. २००६ मध्ये फेरारी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका पदराला ती एकसंध आणि सडपातळ असते, पदर वाढले की आकार बदलतो. मग ग्राफीन विकणाऱ्या कंपन्यांचं पीक आलं. २०१८ मध्ये सिंगापूरच्या गटाने जगभरच्या ६० कंपन्यांचे नमुने रामनसकट अनेक पद्धतींनी तपासले. बहुतेकांच्या मालात खरं ग्राफीन दहा टक्क्यांहून कमी, आणि पन्नास टक्क्यांच्या वर एकही नाही. म्हणजे बरेच जण महागडी पेन्सिल-पूड विकत होते!

रविवारी रात्री मित्राला फोन करून हे सगळं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, "आता कळलं मी नंबर विचारणाऱ्याला आधी आलेख का दाखवतो ते?"

कळलं. सोमवारी ऑफिसात आमच्या हिरव्यागार डॅशबोर्डकडे जरा जास्त वेळ बघत बसलो. नंतर एका मॉड्यूलचे टेस्ट उघडून पाहिले. चार वर्षांत कुणी चालवलेच नव्हते.

असो. कपडे अजून धुवायचे आहेत.